ग्रेफ्रायर्सचं भूत आणि त्याच्या मागची माणसं

एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चच्या सिमेट्रीत दुपारी फिरताना भीती अशी वाटतच नाही, लोक गवतावर बसून सँडविच खातायत, मालकाच्या कबरीपाशी वर्षानुवर्षं बसून राहिला म्हणतात त्या बॉबी कुत्र्याची समाधी टुरिस्ट शोधतायत, पण अंधार पडला की घोस्ट टूरवाले घोळकेच्या घोळके घेऊन येतात आणि सगळ्यांना एका कुलूपबंद गेटच्या आत जायचं असतं.

भूत म्हणे जॉर्ज मॅकेंझीचं. हा स्कॉटलंडचा लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे राजाचा सगळ्यात मोठा सरकारी वकील. चर्चच्या कारभारात राजाची ढवळाढवळ नको म्हणणाऱ्या कव्हेनंटर लोकांच्या तो असा हात धुऊन मागे लागला की त्याला ब्लडी मॅकेंझीच म्हणायला लागले. १६९१ मध्ये गेला आणि पुरला याच आवारात. त्याच्या गोल घुमटीच्या दाराशी जाऊन पोरं ओरडायची, हिंमत असेल तर बाहेर ये, कडी काढ! आणि धूम पळायची. आपल्याकडे अमावस्येला पिंपळाला हात लावून यायची पैज लावतात ना, अगदी तसंच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक बेघर माणूस आसऱ्याला त्या घुमटीत शिरला आणि तिथून भूत सुटलं असं सांगतात. मग कुणाला ओरखडे, कुणाला काळेनिळे डाग, कुणी चक्कर येऊन पडलं. मला विचाराल तर आधीच इतकं घाबरवून काळोख्या, कोंदट खोलीत उभं केलं तर माझेही पाय लटपटतील.

पण अंगावर काटा आला तो गेटच्या आतल्या जागेची गोष्ट कळल्यावर. जून १६७९ मध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईत हरलेल्या शेकडो कव्हेनंटरना इथे कोंडलं होतं, उघड्या मैदानात, डोक्यावर छप्पर नाही, खायला जेमतेम पाव, आणि हे पार नोव्हेंबरपर्यंत, तेही स्कॉटलंडच्या थंडीत! आत दिसतात त्या कबरी नंतरच्या, आणि मूळ मैदान याहून बरंच मोठं होतं. काही तिथेच मेले, बरेचसे पुन्हा बंड करणार नाही असं लिहून देऊन सुटले, आणि जे उरले त्यातल्या अडीचशेच्या आसपास लोकांना परमुलखात मजुरीला पाठवायला जहाजात भरलं. ते जहाज डिसेंबरात ऑर्कनी बेटांपाशी फुटलं आणि दोनशेच्या वर कैदी बुडाले. तिकडे डीअरनेसला त्यांचं स्मारक आहे.

तुम्ही कधी त्या टूरला गेलात तर गाइडला मॅकेंझीच्या आधी या लोकांबद्दल विचारा प्लीज.