लॉलीपॉप, विंग्ज आणि गव्हाची बिअर

नोकरीला लागल्यानंतरची पहिली काही वर्षे माझ्यासाठी बिअर म्हणजे परमिट रूममधली ३३० मिलिलिटरची पिंट होती. ती किती चांगली आहे हे चवीवरून ठरत नसे, ती किती ‘चिल्ड’ आहे यावरून ठरत असे. मंद दिवे, ओल्या बाटलीवरचे नखाने सोललेले लेबल, कांदा आणि लिंबू घातलेले शेंगदाणे, आणि पगार झालेला असेल तर हाडाच्या टोकाला फॉइल गुंडाळलेले चिकन लॉलीपॉप, सोबत वाटीत शेजवान चटणी. त्या दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र ज्याला आपण लॉलीपॉप म्हणतो तो कोंबडीचा पंखच असतो, पंखाच्या खांद्याकडच्या भागातले मांस हाडावरून एका बाजूला सरकवून त्याला तो गोळ्यासारखा आकार दिलेला असतो, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

पुण्यात २००९ साली कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ ही जागेवरच बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि बिअर ही कारखान्यातून खोक्यांत भरून न येता समोरच्या टाकीतूनही येऊ शकते, याचा पुणेकरांना पत्ता लागला. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे आहे, ही गोष्ट मला त्या बिअरइतकीच आवडते. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने अडकून पडलेले ब्रिटिश सैनिक कंटाळून वेड्यासारखे वागू लागत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा वाक्प्रचार रूढ झाला, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला साधा ताप. त्यानंतर मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर या भागांत एकामागून एक ठिकाणे उघडत गेली आणि काचेपलीकडच्या स्टीलच्या टाक्यांकडे पाहत बसणे हा आमच्यासारख्यांचा शनिवारचा उद्योग झाला.

या बिअरशी माझी खरी मैत्री गव्हाच्या बिअरमुळे झाली. जर्मन पद्धतीच्या हेफेवायझन या गव्हाच्या बिअरमध्ये बार्लीच्या माल्टबरोबर (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य) निम्म्याहून अधिक गव्हाचा माल्ट असतो. ती गाळलेली नसल्याने तिच्यात गव्हातली प्रथिने आणि यीस्ट तरंगत राहतात, आणि म्हणून ग्लासातला रंग पातळ केलेल्या आमरसासारखा गढूळ दिसतो. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास आला. यात काहीतरी मिसळले असणार, अशी माझी खात्री झाली होती. प्रत्यक्षात त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते, दोन्ही वास आंबवण्याच्या काळात यीस्टच तयार करते. विटबिअर या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. बिअरमध्ये धणे पडतात हे ऐकून आमच्या घरात जो चेहरा झाला होता, तो मी अजून विसरलेलो नाही. अशी बिअर बर्फासारखी गार करून पिण्यात अर्थ नसतो, कारण अतिथंड द्रवातून वास वर येत नाही. ‘चिल्ड’चा आग्रह सोडायला मला दोन वर्षे लागली.

विंग्जचा धडा मला मावसभावाने दिला. तो न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात विद्यापीठात शिकायला होता. तिथून त्याने पहिल्यांदा फोनवर ‘बफेलो विंग्ज खाल्ले’ असे सांगितले तेव्हा मावशीने अत्यंत गंभीरपणे विचारले होते, ‘अरे, म्हशीला पंख कधी फुटले?’ त्या शहरात कोणीही ‘बफेलो विंग्ज’ म्हणत नाही, नुसते ‘विंग्ज’ म्हणतात, असे त्याने तेव्हापासून आम्हाला किमान पन्नास वेळा ऐकवले आहे.

या पदार्थाचा जन्म १९६४ साली तिथल्या मेन स्ट्रीटवरच्या ‘अँकर बार’मध्ये टेरेसा बेलिसिमो यांच्या हातून झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तोपर्यंत पंख बहुतेक रश्श्याच्या भांड्यात जायचे. मुलाचे मित्र रात्री उशिरा भुकेले आले म्हणून त्यांनी पंख तळले, अशी एक कथा सांगतात. दुसऱ्या कथेप्रमाणे मागवलेल्या मानेच्या आणि पाठीच्या तुकड्यांऐवजी चुकून पंख आले होते. त्याच शहरात त्याच सुमारास जॉन यंग हे कृष्णवर्णीय व्यावसायिक अख्खे पंख पिठात घोळवून, तळून, ‘मम्बो’ सॉस लावून विकत होते. त्यांचा मान त्यांना फार उशिरा मिळाला, आणि कोणीही मूळ कथा सांगू लागला की मी हे नाव आवर्जून घेतो. शहराने २९ जुलै १९७७ हा ‘चिकन विंग दिवस’ म्हणून जाहीर केला. एका पंखासाठी अख्खा दिवस देणाऱ्या गावाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

तिथली पद्धत अगदी साधी आहे. पंखाचे सांध्यावर तुकडे करायचे, टोक बाजूला काढायचे, पीठ न लावता कुरकुरीत होईपर्यंत तळायचे आणि मग लाल मिरचीचा आंबट सॉस व वितळलेले लोणी यांच्या मिश्रणात घोळवायचे. सोबत सेलरीच्या काड्या आणि ब्लू चीजचे डिप. आपल्याकडे अनेक ठिकाणी याच नावाखाली मैद्याच्या जाड कवचात गुंडाळलेले, टोमॅटो केचपच्या गोडीने माखलेले तुकडे येतात, ही माझी जुनी तक्रार आहे. पंखाची सगळी गंमत मांसाच्या मानाने भरपूर असलेल्या कातडीत असते. तिच्यावरच लिंपण केले तर उरते काय?

तुकड्यांपैकी मला मधला, दोन हाडांचा, ज्याला ‘फ्लॅट’ म्हणतात तो आवडतो. मावसभाऊ तो उभा धरतो, खालच्या टोकाची कूर्चा दातांनी सोडवतो, बारीक हाड गोल फिरवून अलगद ओढून काढतो, मग जाड हाड, आणि उरलेला मांसाचा तुकडा एका घासात संपवतो. मी अजून दुसऱ्या हाडाशी अडखळतो आणि सॉस मनगटापर्यंत येतो.

एकदा एका बारमध्ये यादीतले सर्वांत तिखट विंग्ज मी इंडिया पेल एल या कडू बिअरबरोबर मागवले. भारतात येणाऱ्या जहाजांवर लादल्या जाणाऱ्या बिअरशी या प्रकाराचे नाव जोडलेले आहे, तेव्हा तिखटाशी त्याचे जमेल, असा माझा भाबडा हिशेब होता. तो पूर्णपणे चुकला. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि बिअर बहुतांशी पाणीच असते. त्यात बुडबुडे जिभेला आणखी टोचतात आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांचा, कडूपणा त्या आगीवर बसतो. तिसऱ्या विंगनंतर माझ्या कानातून वाफ येत होती आणि वेटर न सांगता दह्याची वाटी घेऊन आला. दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला बांधून नेते, म्हणजे त्या वेटरचे शास्त्र माझ्यापेक्षा पक्के होते. तेव्हापासून तिखट विंग्जबरोबर मी गव्हाचीच बिअर घेतो. तिचा कडूपणा कमी, अंग मऊ, आणि केळ्याचा तो गोडसर वास लोण्याशी छान जुळतो. कडू बिअर मी नुसत्या मीठमिऱ्याच्या विंग्जसाठी राखून ठेवतो.

गेल्या दिवाळीनंतर मावसभाऊ आला तेव्हा आम्ही घरीच पंख आणले. रात्रभर मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडे ठेवले, म्हणजे कातडी कोरडी होते, आणि दुसऱ्या दिवशी दोन वेळा तळले. ब्लू चीज मिळाले नाही म्हणून चक्क्यात लसूण आणि मिरपूड घातली. त्याने नाक मुरडले, पण वाटी त्यानेच पुसली. मावशीने दोन फ्लॅट खाल्ले, ताटाच्या कडेला चारही हाडे ओळीने नीट मांडली, आणि पुढच्या वेळी थोडे पंख लॉलीपॉपसाठी वेगळे काढायला सांगितले.