कंगवा, कपटे आणि कूलर

नवतप्यातल्या एका दुपारी, पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असताना, सुट्टीसाठी मुंबईहून आलेल्या माझ्या भाचीने टेबलावर कागदाचे कपटे मांडले आणि शाळेत फसलेला प्रयोग मामाच्या घरी तरी जमतो का, हे पाहायचे ठरवले. प्रयोग जुनाच आहे : प्लास्टिकचा कंगवा केसांतून दहा-बारा वेळा फिरवायचा आणि कपट्यांच्या जवळ, पण न टेकवता, धरायचा. मुंबईत जुलैच्या पावसात कपटे हलले नव्हते, यात नवल नव्हते. नागपुरातही ते हलले नाहीत, याचे मात्र मला आश्चर्य वाटले, कारण आमच्या उन्हाळी दुपारी हवेतली आर्द्रता 20-25 टक्क्यांवर उतरते आणि स्थिर विद्युत टिकायला अशीच कोरडी हवा लागते.

कारणे दोन निघाली. आजीने सकाळीच नातीच्या केसांना खोबरेल चोपडले होते, हे पहिले. दुसरे खिडकीत घरघरत होते. कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून, त्यामुळे ताट्यांतून येणारा वारा ओलावा घेऊनच घरात शिरतो. त्या ओलाव्याचा डोळ्यांना न दिसणारा थर कंगव्यावर बसतो आणि प्लास्टिकने केसांकडून ओढून घेतलेले इलेक्ट्रॉन त्या थरावरून निसटून जातात. उन्हाळ्यात आमच्या खिडकीबाहेर नागपूर असते आणि आत थोडीशी मुंबई, हे त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले.

आई आतल्या खोलीत झोपली होती, म्हणूनच कूलर बंद करण्याचे धाडस झाले. मागचे दार उघडून अर्धा तास घाम पुसला आणि मग तेल न लावलेल्या माझ्या उरल्यासुरल्या केसांतून कंगवा फिरवला. कपटे टुणकन उडून त्याला चिकटले. कागदावर स्वतःचा विद्युतभार नसतो. ऋणभारित कंगवा जवळ येताच कागदातले इलेक्ट्रॉन किंचित दूर सरकतात, अलीकडची बाजू धन होते आणि जवळचे आकर्षण लांबच्या प्रतिकर्षणावर मात करते. तृणमणी हे संस्कृत नाव गवताची काडी ओढणाऱ्या ज्या पिवळ्या खड्याला मिळाले, त्याच अश्मीभूत राळेला ग्रीक लोक ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत.

‘‘मामा, चिकटला आणि मग पळाला का?’’ भाचीने विचारले. एक कपटा क्षणभर कंगव्याला बिलगून ताडकन दूर फेकला गेला होता. माझ्या मते या प्रयोगातले खरे कुतूहल इथेच आहे. कागद उचलला जातो, एवढ्यावर पाठ्यपुस्तके उगाच समाधान मानतात. स्पर्श होताच कपट्याने कंगव्याचा थोडा भार घेतला आणि समान भार एकमेकांना दूर लोटतात. फ्रान्समधल्या द्यु फे यांनी 1733 च्या सुमारास घासलेल्या काचनळीने सोन्याच्या वर्खाला असेच दूर लोटलेले पाहिले. तोच वर्ख घासलेल्या राळेकडे मात्र ओढला गेला, तेव्हा विद्युत दोन प्रकारची असावी असे त्यांनी मांडले. धन आणि ऋण ही नावे पुढे फ्रँकलिन यांनी रूढ केली.

भाचीला हा दुसरा प्रकारही लगेच पाहायचा होता. मी काचेचा पेला आणि रेशमी रुमाल शोधत असतानाच आतून आवाज आला, ‘‘कूलर काऊन बंद केला रे?’’ आणि पाठोपाठ आईनेच येऊन बटण दाबले. ओलाव्याला आपले काम करण्याची संधीच मिळाली नाही. पहिल्याच झोतात सारे कपटे खोलीभर पसरले आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे ते सोफ्याखालून वेचत होतो.