भाच्याचं पहिलं गाणं

आज भाचा स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन आला. चाल गोड, पण तिसऱ्या ओळीत शब्द इतके कोंबलेले की गाताना श्वासच पुरेना. "मामा, मला नाही जमत," म्हणत वही मिटायला लागला. मी त्याला 'मोठा अभंग' या छंदाचा साचा मोजायला लावला: चार चरणांत अक्षरं ६, ६, ६, ४ आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. शेवटचा चरण आखूड, तिथे दम घ्यायला जागा मिळते. त्यानं दोन विशेषणं खोडली आणि ओळ मोकळी झाली!

नव्यानं लिहिणाऱ्यांनो, सुचलेली चाल लगेच मोबाइलवर गुणगुणून ठेवा (सकाळी ती आठवत नाही). ओळ अडली तर आधी अक्षरं मोजा, स्वतःला नावं ठेवू नका.

आत्ताच त्याचा व्हॉइस मेसेज आला. दुसरं कडवं झालंय. चार वेळा ऐकलं.