तुम्ही विचारलंत म्हणून: २००२ ला किंग्ज का हरले?

मी सॅक्रामेंटो किंग्जची, म्हणजे NBA या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या टीमची, फॅन आहे हे कळलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, २००२ ला तुमच्या टीमला रेफरींनीच हरवलं ना? २०१९ ला किंग्ज आणि NBA चीच दुसरी टीम पेसर्स मुंबईत खेळून गेले तेव्हापासून तर आपल्याकडची कॉलेजची पोरंपण हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

त्या सीझनला किंग्जने ६१ मॅच जिंकल्या, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. आणि खेळ काय देखणा होता! आपले वेबर आणि दिवाच दोघेही ताडमाड उंच, पण पास द्यायचे बॉल खेळवणाऱ्या गार्डसारखे. बॉल घेऊन वर उभे राहायचे, डिफेंडरची नजर जरा हलली की मागून क्रिस्टी नाहीतर बिबी बास्केटकडे सुटलेला, बॉल बरोबर त्याच्या हातात. कोणी हावरटपणा करत नव्हतं, आपल्यापेक्षा मोकळा माणूस दिसला की बॉल त्याला.

वेस्टच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, फायनलला समोर शॅक आणि कोबीचे लेकर्स, सातपैकी चार मॅच जिंकेल तो पुढे. सहावी मॅच मी पण विसरलेले नाही, शेवटच्या क्वार्टरमध्ये एकट्या लेकर्सना २७ फ्री थ्रो (रेफरीने फाउल दिला की मिळणारा, कोणी अडवू न शकणारा एका पॉइंटचा शॉट) मिळाले, तो राग रास्तच आहे, आणि आपला शूटर पेजा स्टोयाकोविच घोट्याच्या दुखापतीमुळे पहिल्या चार मॅच बाहेर होता तेही खरं. पण तरीसुद्धा सातवी मॅच आपल्याच घरात होती हो, आर्को अरीनात, लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवून कान किटवत होते, आणि तिथे आपण ३० पैकी १४ फ्री थ्रो घालवले. चौदा! मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि ११२-१०६ अशी आपण हरलो, म्हणजे सहा पॉइंटनी. थ्रीसुद्धा (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) २० पैकी फक्त २ पडले, पेजासारख्या शूटरचा मोकळा थ्री शेवटी शेवटी रिंगलासुद्धा लागला नाही. आणि ज्याच्या फ्री थ्रोवर सगळे हसायचे त्या शॅकने त्या दिवशी १५ पैकी ११ टाकले.

चौथ्या मॅचचंही तेच. किंग्ज पहिल्या हाफमध्ये २४ पॉइंटनी पुढे होते, लोकांना आठवतो तो दिवाचने बाहेर ढकललेला बॉल आणि लेकर्सच्या हॉरीचा शेवटच्या क्षणाचा थ्री, लेकर्स १००-९९ ने जिंकले. पण त्याच्या काही सेकंद आधी दिवाचला दोन फ्री थ्रो मिळाले होते, त्यातला एक हुकला. तो पडला असता तर हॉरीच्या थ्रीने नुसती बरोबरी झाली असती.

माझं मत विचाराल तर या टीमची सगळी ताकद पुढच्या माणसावरच्या भरवशात होती, आणि फ्री थ्रोला पुढचा माणूस नसतो, पास द्यायची सोय नाही, पाय थकलेले, हात जड आणि सगळं गाव बघतंय. घाबरट नव्हते ते, बिबीने तर सातव्या मॅचमध्ये अगदी शेवटी दोन्ही फ्री थ्रो टाकून १००-१०० केले म्हणून ओव्हरटाइम तरी मिळाला. बाकीच्यांना नाही जमलं.

लेकर्सनी पुढे लीगच्या फायनलला पूर्व गटातल्या नेट्सना ४-० ने झोपवलं, म्हणजे वेस्ट जिंकणाऱ्यालाच कप मिळणार होता. मला वाटतं तो आपलाच होता. पुढच्या वर्षी प्लेऑफ्समध्ये डॅलसविरुद्ध वेबरचा गुडघा गेला आणि तो वेबर पुन्हा काही दिसला नाही.