आमची वाटचाल : जड पाण्यातली हिरवी टाकी

लातुरात आमचं दुकान सुरू झालं ते रंगीत मासे, काचेचे बाऊल आणि प्लास्टिकची झाडं विकायला. तेव्हा या धंद्याचं रूपच तसं होतं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून बाहेरगावचे मासे यायचे, गिऱ्हाईक हौसेने टाकी भरायचं, आठवडा-पंधरवड्यात पाणी गढूळ व्हायचं, मासे मरायचे आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा मासे न्यायला यायचं. दुकान चालत होतं. पण मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे विकून पोट भरायचं हे आम्हा नवरा-बायकोला कधीच रुचलं नाही.

मग २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलेलं, शहरात नळाला पाणी नाही, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूर स्टेशनात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टँकरपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधीच शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. अशा वेळी कोण टाकी घेणार? शेजारच्या एक मावशी दुकानाच्या पायरीवर घागर टेकवून म्हणाल्या, “लेकरा, हितं माणसाला पाणी न्हाई, आन् तू माशाला कुठून आणायलास?” त्यांना उत्तर द्यावं असं माझ्याजवळ तेव्हा काही नव्हतं.

उत्तर गिऱ्हाइकांच्या घरात सापडलं. त्या उन्हाळ्यात पाणी बदलायचं सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. उघड्या, चकाचक टाक्या एकामागून एक बसल्या. पण औसा रोडला एका घरी कोपऱ्यातली टाकी व्हॅलिसनेरियाच्या लांब पात्यांनी गच्च भरली होती. तिच्यातले गप्पी तसेच, उलट पिल्लंही झालेली. मालकाने महिनोन्‌महिने फक्त उडालेलं पाणी भरलं होतं.

कारण समजून घेतलं तेव्हा वाट दिसली. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्यालाच विषारी असतो. टाकीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक, नायट्रेट बरंच सौम्य, पण तेही साचत जातं आणि म्हणून पाणी बदलावं लागतं. जोमाने वाढणारी झाडं मात्र हा अमोनिया थेट अन्न म्हणून घेतात. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी याच तत्त्वावर, तळाला साधी माती घालून, दाट झाडांच्या टाक्या करायची पद्धत जगभर रुजवली. झाडांना कार्बन डायऑक्साइड द्यायला गॅसचं सिलिंडर नाही, महागडं फिल्टर नाही. पाण्याची टंचाई असलेल्या गावाला याहून योग्य टाकी नाही असं आमचं ठाम मत आहे, आणि तेव्हापासून आम्ही दुसरी टाकी लावतच नाही.

आमचं काम आता टाकी विकण्याआधी सुरू होतं. गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, “मासे कोणते ठेवायचे?” आम्ही म्हणतो, “आधी पाणी दाखवा.” लातूरच्या बहुतेक घरांत वापराचं पाणी बोअरचं, बेसाल्टच्या फटींतून आलेलं, जड. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बरेच जण टीडीएसचा पेन बुडवून आकडा सांगतात, पण त्यात सगळेच क्षार येतात, जडपणा वेगळा तपासावा लागतो. त्याचं साधं थेंबांचं किट मिळतं.

पाणी जड निघालं की लोकांचा चेहरा पडतो. पडायचं काही कारण नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणीच मानवतं. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम ही झाडं तर पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात, म्हणजे आपल्या बोअरचं पाणी त्यांच्यासाठी जेवणच आहे. निऑन टेट्रा किंवा डिस्कस हवाच असा हट्ट असेल तर गोष्ट वेगळी. ते ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले मासे. त्यांच्यासाठी कायम आरओचं पाणी मिसळत बसावं लागतं आणि एक लिटर आरओ मिळवताना किती पाणी मोरीत जातं हे इथे कुणाला सांगायला नको. असा हट्ट आम्ही समजावून मोडतो. नाहीच ऐकलं तर काम घेत नाही.

जागा आणि वजन हा पुढचा विषय, तो हिशेबाचा आहे. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणायची आणि ६१ ने भागायचं, लिटर मिळतात. २४ × १२ × १५ ची टाकी म्हणजे साधारण ७० लिटर. ३६ × १५ × १८ ची जवळपास १६० लिटर, आणि काच, माती, दगड धरून २०० किलोच्या आसपास. टीव्हीच्या शोकेसवर ती ठेवायची नाही. खिडकीचं थेट ऊन टाळायचं आणि दिव्याला टायमर लावून सहा ते आठ तास उजेड द्यायचा.

मातीवर मात्र गावाकडच्या मंडळींशी दर वेळी लांब चर्चा होते. “आमच्या रानातली काळी टाका की, सोनं हाय ती.” रानात सोनंच आहे. पण तिचे कण इतके बारीक की एकदा ढवळली की टाकी दिवसेंदिवस निवळत नाही, शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात, ते आधीच्या जड पाण्यात आणखी भर घालतात. आम्ही खत न घातलेला पोयटा आणतो, चाळतो, बादलीत भिजवून वरचं पाणी दोन-चारदा ओतून देतो. तळाला इंचभर पोयटा, त्यावर इंचभर जाड धुतलेली वाळू. मातीचा थर जाड झाला तर आत हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

दगड इथलेच. काळा बेसाल्ट टाकीत फार देखणा दिसतो. त्याच्या पोकळीत पांढरे चमकते स्फटिक असतील तर आम्ही त्यावर व्हिनेगर टाकून बघतो. बुडबुडे आले तर कॅल्साइट, तो दगड बाजूला. नाही आले तर बहुधा झिओलाइट किंवा गारेचा प्रकार. दख्खनच्या बेसाल्टमधले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, आणि आपण ते खडीच्या ढिगात तुडवतो. पुतण्याने दुकानात अशा स्फटिकांचं एक कपाट केलंय, जरूर बघा.

झाडं पहिल्याच दिवशी दाट लावायची. मोकळी जागा ठेवली की तिथे शेवाळ येतं. क्रिप्टोकोरीन लावलं की पहिल्या काही दिवसांत त्याची पानं विरघळून जातात आणि फोन येतो, “झाड मेलं!” मुळं जिवंत असतात, नवी पानं फुटतात, म्हणून उपटू नका असं आम्ही आधीच लिहून देतो. याच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही उगवतात. सोबत ब्राह्मी लावतो, तीही पाण्याखाली छान वाढते. मासे शेवटी, चार ते सहा आठवड्यांनी, आणि थोडेच. सुरुवातीला माती अमोनिया सोडते म्हणून थोडं पाणी बदलावं लागतं. ते कुंड्यांना घालायचं, गुलाब खूश होतो.

आमच्या टाक्यांची परीक्षा मे महिन्यात असते. बाहेर पारा चाळिशीपार जातो, पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. ३० अंशाला लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतातच, त्यात लाईट गेली तर दाटीवाटीने मासे भरलेली टाकी पहाटेपर्यंत टिकत नाही. म्हणून मासे थोडे. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, पण पाणी जास्त उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने करायला सांगतो, बोअरच्या नाही. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी तर मुळीच नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. एवढं करूनही ७० लिटरच्या टाकीला आठवडाभर जे पाणी लागतं, त्याहून जास्त पाणी घरचा कूलर एका दिवसात पितो. पायरीवरच्या त्या मावशींना मी हा हिशेब नंतर सांगितला. त्यांच्या नातवाच्या खोलीत आज आमची टाकी आहे.

झाडं आता बाहेरून आणावी लागत नाहीत. दुकानाच्या गच्चीवर शेडनेटखाली ट्रे मांडलेत. बरीच पाणवनस्पती मुळाशी ओल आणि वर हवा अशीही वाढते आणि पाणी फार कमी घेते. कलमं, छाटणी, हिशेब सगळं पत्नी बघते, घरोघरी लावणी पुतण्या आणि त्याचे दोन मित्र करतात. पावसाळ्यात स्लॅबचं पाणी गाळून टाक्यांत साठवतो, ते उन्हाळ्यात भर घालायला गिऱ्हाइकांना देतो, पैसे घेत नाही.

कुणाची बदली झाली, मुलं शिकायला बाहेर गेली, टाकी बंद करायची वेळ आली, तर मासे आणि झाडं आमच्याकडे परत आणून द्या. मांजरेत किंवा गावच्या तलावात सोडू नका. बाहेरून आलेल्या सकर माशाने देशातल्या कितीतरी नद्यांत मच्छीमारांची जाळी फाडलीत, आणि जलपर्णी तर आपण सगळेच बघतो. परत आलेल्या माशांसाठी मागच्या खोलीत वेगळी टाकी ठेवली आहे. तिथून ते ज्यांच्या घरी टाकी तयार आहे त्यांना फुकट जातात. सध्या गप्पी भरपूर आहेत.