ताटांची वाट

आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीत बरन नावाचा मुलूख आहे. जिकडे बघावं तिकडे करडा चुनखडक. आयरिशमध्ये नावाचा अर्थही 'खडकाळ जागा' असाच. पायाखालच्या भेगांत डोकावलं तर आत ओलसर सावलीत नेचे वाढलेले दिसतात.

पहिल्या दिवशी पोलनाब्रोन पाहिलं. उभ्या शिळांवर तिरकी छतशिळा ठेवलेलं, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं थडगं. १९८६ पासूनच्या उत्खननात इथे तीसहून जास्त माणसांचे अवशेष सापडले. 'दुःखाचं विवर' असा अर्थ एका सहप्रवाशाने सांगितला आणि मी भारावून फोटो काढत सुटलो. संध्याकाळी मुक्कामाच्या घरच्या आजीबाई हसल्या. 'ब्रोन' म्हणजे दुःख, हे खरं. पण 'ब्रो' म्हणजे जातं, आणि 'जात्याचं' म्हणायला रूप येतं तेही 'ब्रोन'च! थोडक्यात, जात्याची खळगी. मला हेच जास्त पटलं. आमच्या आजोळी पडवीत एक जातं होतं, खुंटा निघालेलं.

नकाशावरून मात्र यातलं काही कळत नाही. १८२४ पासून ब्रिटिशांच्या ऑर्डनन्स सर्व्हेने आयर्लंडची मोजणी केली आणि आयरिश नावं इंग्रजी स्पेलिंगात बसवली. शीवचं सायन झालं, तसंच.

दुसऱ्या दिवशी 'बोहर ना मीअस', म्हणजे ताटांची वाट. संत कोलमन इथल्या हेझलच्या झाडीत एका सेवकासह राहायचा. लेंटचे उपास संपले, ईस्टर उजाडला, पण खायला काही नाही. तिकडे किनवाऱ्याला ग्वायरे राजाची पंगत बसलेली. भरली ताटं उठली आणि थेट हवेतून इकडे! राजा घोडेस्वारांसह पाठलाग करत आला, तर घोड्यांचे पाय खडकात रुतले. ते खूर अजून दाखवतात. मी एका खुरात मूठ घालून पाहिली. आत पावसाचं गार पाणी होतं. चुनखडक पाण्याने विरघळतो, हे भूगोलात शिकलोय. तरी शेजारचा दुसरा खूर शोधलाच.

सेवकाचं पुढे वाईट झालं. इतक्या दिवसांच्या उपाशी पोटी तो असा तुटून पडला की जेवूनच मेला. त्याची कबरही तिथेच दाखवतात.

रात्री दमून परतलो. आजीबाईंनी वाफाळत्या बटाट्यांचं ताट पुढ्यात ठेवलं.

"सावकाश हं," म्हणाल्या.