विस्तव कोणी आणला?

परवा आठवीच्या चित्रकलेच्या तासाला मोबाईल टीव्हीला जोडून बर्निनी या इटालियन शिल्पकाराचं एक शिल्प दाखवलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘सर, हा श्रावणबाळच होय ना?’

प्रश्न काही वावगा नव्हता. जुन्या ग्रीक-रोमन कथेतलं ट्रॉय शहर जळतंय आणि तिथला योद्धा एनियास म्हाताऱ्या बापाला, अँकायसिसला, खांद्यावर घेऊन निघालाय. मागे त्याचा लहानगा पोरगा अस्कानियस. हे संगमरवरी शिल्प रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे, उंची सात फुटांच्या वर. १६१८-१९ मध्ये ते घडवलं तेव्हा बर्निनी विशीतला पोरगा, शिल्पकार बापाच्याच हाताखाली शिकलेला. म्हाताऱ्याची सैल कातडी मोठी करून दाखवली, तर एक पोट्टा म्हणे, ‘आमच्या आबाजीसारखीच आहे.’

मला मात्र हात दाखवायचे होते. घरचे देव बापाच्या हातात आहेत. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात त्याचं कारण आहे: एनियास लढाईतून आलेला, हातांना रक्त, वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय देवांना शिवायचं नाही. हे पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. सुतकात देवाला कोण शिवतं? आणि अस्कानियसच्या हातात घरचा अग्नी.

‘अन् याची बायको?’ पहिल्या बाकावरच्या पोरीने विचारलं.

क्रेउसा. एनियासनेच तिला अंतर ठेवून मागून यायला सांगितलं होतं, ती वाटेत हरवली. शिल्पात ती नाहीच. पोरीने तोंड वाकडं केलं. मलाही पुढे बोलायला सुचेना.

वैनगंगेकाठचं आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. देव लाल फडक्यात बांधून आबाजींच्या मांडीवर, आबाजी ट्रॅक्टरवर समोर. बाबांनी सागवानी चौकट उपटून आणलेली. आणि आजी? ती मागच्या बंडीत. जुन्या चुलीतला विस्तव गोवरीवर घेऊन, खापरात राखेखाली दडपून, पदराआड धरून बसली होती. नव्या प्लॉटवर तीन विटा मांडून पहिला चहा त्यावरच झाला. अंगठा भाजला होता. चहा गाळताना ती तो सारखा तोंडात घालत होती.

पोरांना विषय दिला: ‘घर हलवताना’. मागच्या बाकावरच्याने नुसता फ्रिज काढलाय, उचलायला चार माणसं. देव कुठे आहेत विचारलं, तर म्हणे, ‘फ्रिजमध्ये ठेवले सर, तिथं हलत नाहीत.’